किल्ली ज्याच्या हाती



या व्यासपीठावर मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. त्याच जागी आज चालकांनी एका कामगार संघटनेच्या माणसाला उभे केले आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते पाळी संपल्यावर वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा भाषा जाडीभरडी वाटली तर सांभाळून घ्या.

चिटणिसांनी मला फोन करून विषय विचारला. मी म्हणालो, "उन्हात बंद गाडीत ठेवलेला कुत्रा." ते क्षणभर काही बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "पगार, कंत्राटी पद्धत, नव्या कामगार संहिता, असे काही नाही का?" त्यांचे म्हणणे रास्त होते. त्या विषयांवर मी बोलत आलो आहे, पुढेही बोलेन. पण आजचा विषयही मला कामगारांनीच दिला आहे, आणि तो कसा दिला हे आधी सांगितले पाहिजे.

आमच्या संघटनेत पहारेकरी, वाहनतळावर शिट्टी घेऊन उभे राहणारे, दुसऱ्यांच्या गाड्या चालवणारे असे सभासद पुष्कळ आहेत. चैत्र लागला, लग्नसराई सुरू झाली, की आमच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "भाऊ, गाडी बंद आहे. मालक आत पंगतीला बसला आहे. गाडीत कुत्रा आहे आणि तो धापा टाकतो आहे. मी काय करू?" विचारणारा कंत्राटी माणूस असतो. अंगावरचा गणवेशसुद्धा ठेकेदाराचा असतो. कुत्रा मेला तर जन्मभर डोळ्यांपुढे राहील आणि काच फोडली तर उद्याची हजेरी जाईल, अशा कात्रीत तो सापडलेला असतो. या प्रश्नाचे अर्धे उत्तर मी देऊ शकतो. उरलेले अर्धे तुमच्यापाशी आहे, कारण गाड्या तुमच्या आहेत, दुकाने तुमची आहेत, मंगल कार्यालयांच्या समित्यांवरही तुम्हीच आहात. म्हणून तो आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी ऊन आणि गाडी यांचा हिशेब पाहू. सूर्याचा प्रकाश काचेतून सरळ आत शिरतो. तो बैठकींवर, समोरच्या फळीवर, सुकाणूच्या चाकावर पडतो आणि त्या वस्तू तापतात. तापलेली वस्तू उष्णता बाहेर टाकते, पण ती उष्णता प्रकाशाच्या रूपात नसते, आणि तिला काच बाहेर जाऊ देत नाही. आतली हवा त्या तापलेल्या वस्तूंना लागून गरम होते. मोकळ्या जागेत गरम हवा वर निघून जाते आणि गार हवा तिची जागा घेते. बंद गाडीत तिला जायला वाटच नसते. पत्र्याच्या शेडमध्ये ज्यांनी वैशाखातली दुपारची पाळी काढली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. तिथे निदान दार तरी उघडे असते.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी एका हवामानतज्ज्ञाला बरोबर घेऊन याची मोजणी केली आणि ती २००५ साली प्रसिद्ध केली. बाहेर २२ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आपण सुखद हवा म्हणू, अशा दिवशी उन्हातल्या बंद गाडीतले तापमान तासाभरात ४७ अंशांवर गेले. त्यांच्या मोजणीत गाडीतली वाढ सरासरीने पहिल्या १० मिनिटांत सुमारे १० अंश, २० मिनिटांत १६ अंश आणि अर्ध्या तासात १९ अंश होती. तासाभरात जेवढी गाडी तापते त्यातली पाचांपैकी चार हिस्से वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होऊन जाते. म्हणजे धोका तासाच्या शेवटी येत नाही, तो आरंभीच येतो. आता आपल्याकडचा मे महिना घ्या. बाहेर ४० अंश असताना १० मिनिटांनी आत काय होत असेल, याचा अंदाज प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा.

दुसरी मोजणी ॲरिझोना राज्यातली, २०१८ साली प्रसिद्ध झालेली. तो मुलुख आपल्या विदर्भ-खानदेशासारखा तापणारा. उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या गाड्यांची समोरची फळी सरासरी ६९ अंश, चाक ५३ अंश आणि बैठक ५१ अंश तापलेली आढळली. सावलीतल्या गाडीची फळीसुद्धा ४८ अंशांवर होती. अशा बैठकीवर माणूस बसला तर चटका बसून उठतो. कुत्र्याला उठून जायचे कुठे?

आता कुत्र्याच्या शरीराकडे येऊ. आपल्याला उकडले की सर्वांगाला घाम येतो, घाम वाळतो आणि कातडी गार पडते. कुत्र्याला असा घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी कामापुरत्या पाहिल्या तर पंजांच्या तळव्यांना असतात, आणि एवढ्याशा तळव्यांनी सगळे शरीर गार होत नाही. त्याचे खरे साधन म्हणजे धाप. एरवी मिनिटाला १५ ते ३० श्वास घेणारा कुत्रा उकडू लागले की मिनिटाला ३०० पर्यंत श्वास घेतो. जीभ बाहेर काढतो, तोंडातला आणि नाकातला ओलावा वाफ होऊन जातो, आणि त्याबरोबर अंगातली उष्णता जाते. धाप हा त्याचा पंखा आहे.

पण हा पंखा चालायला बाहेरची हवा कोरडी हवी आणि बदलती हवी. बंद गाडीत कुत्र्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर हवा अधिक दमट होत जाते. दमट हवेत ओलावा वाळत नाही. मुंबईकराला हे सांगायला नको. तिथे ३४ अंशांतही अंगावरचा सदरा वाळत नाही. म्हणजे सुटकेसाठी कुत्रा जितकी धाप टाकतो तितकी त्याची हवा बिघडत जाते. शिवाय धाप टाकणे हेही स्नायूंचे कामच आहे, त्यानेही अंग तापते. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ४१ च्या पुढे गेले की उष्माघात समजावा. ४३ च्या घरात गेले की मेंदू, मूत्रपिंड, आतडी यांची नासाडी होऊ लागते आणि रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडते. कुत्रा त्या दिवशी वाचला तरी दोन दिवसांनी दगावू शकतो.

बसक्या नाकाच्या जातींची तर आणखी दैना. पग, बुलडॉग यांची नाके माणसानेच हौसेखातर पिढ्यान्‌पिढ्या आखूड करत आणली. त्यांच्या श्वासाची वाट मुळातच अरुंद. म्हातारे, लठ्ठ आणि दाट केसांचे कुत्रे याच यादीत येतात. गंमत अशी की शहरात गाडीतून फिरायला नेले जातात ते बहुधा हेच. रस्त्यावरच्या गावठी कुत्र्याला दुपारी कुठल्या गटाराच्या कडेला, कुठल्या ट्रकखाली पडावे हे ठाऊक असते. त्याचे पाय मोकळे असतात, म्हणून त्याला आपली अक्कल वापरता येते. बंद गाडीतल्या लाडक्या कुत्र्याच्या अंगीही तेवढीच अक्कल असते, पण दार उघडणे त्याच्या हाती नसते.

गाडीवाल्या मंडळींची उत्तरे आमच्या पहारेकऱ्यांना तोंडपाठ झाली आहेत. पहिले उत्तर, "पाच मिनिटांत येतो." आपल्या देशात पाच मिनिटांत काय होते हो? लग्नाचा अहेर द्यायला आत गेलेला माणूस जेवल्याशिवाय सुटत नाही. औषधाच्या दुकानात रांग असते, बँकेत यंत्र बंद पडते, देवळात आरती सुरू होते. पाच मिनिटांचा शब्द देणारा माणूस खोटारडा नसतो. त्याचा वेळ त्याच्या हातात नसतो, एवढेच.

दुसरे उत्तर, "काच थोडी खाली ठेवली आहे." स्टॅनफर्डच्या मोजणीत काच दीड इंच उघडी ठेवूनही पाहिली. आतल्या तापमानात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्या फटीतून आपल्या मनाला तेवढा गारवा मिळतो.

तिसरे उत्तर, "सावलीत लावली आहे." सावली ही वस्तू जागेवर राहणारी नव्हे. अकराला लिंबाखाली लावलेली गाडी एकला उन्हात असते. आणि सावलीने धोका लांबतो, टळत नाही. ॲरिझोनाच्या त्याच संशोधकांनी दोन वर्षांच्या मुलाचा हिशेब मांडला होता. उन्हातल्या गाडीत त्याचे शरीर साधारण तासाभरात घातक तापमानाला पोचू शकते आणि सावलीतल्या गाडीत दोन तासांच्या आत.

चौथे उत्तर नव्या काळातले आहे. "एसी चालू ठेवून आलो आहे." इंजिन बंद पडले, इंधन संपले, पट्टा तुटला, की तेच थंड कपाट भट्टी होते, आणि मालकाला आत पंगतीत बसून ते कळत नाही. ज्यांनी यंत्रांवर आयुष्य काढले त्यांना एक गोष्ट पक्की माहीत असते. यंत्र बिघडायचे ते कधी विचारून बिघडत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर कोणाचा जीव बांधून ठेवायचा नसतो.

जुलै २०२५ मध्ये आग्र्याला ताजमहालाच्या वाहनतळावर अशीच घटना घडली. परगावाहून आलेले पर्यटक कुत्र्याला गाडीत ठेवून ताज पाहायला गेले आणि परत येईपर्यंत कुत्रा मेला होता. ही माणसे क्रूर होती असे मला वाटत नाही. कुत्रा घरी एकटा राहू नये म्हणून तर त्यांनी त्याला एवढ्या लांब बरोबर नेले असेल. बहुतेक वेळा असेच असते. जो मायेने बरोबर आणला जातो तोच गाडीत मरतो, आणि म्हणून दुष्टपणाला शिव्या देऊन हा प्रश्न सुटणारा नाही. माया होती, माहिती नव्हती.

हिशेब पुरा मांडायचा तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी तिथल्या पशुवैद्यकांच्या २०१६ सालच्या नोंदी तपासल्या. उष्म्याने आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कुत्र्यांना तो त्रास उकाड्यात पळवल्या-फिरवल्याने झाला होता. गाडीत कोंडल्यामुळे आजारी पडलेले शंभरात पाच होते. एकूण आजारी कुत्र्यांपैकी सातांतला एक मेला. तेव्हा दुपारी डांबरी रस्त्यावर कुत्र्याला फिरवणाऱ्यांनीही या भाषणातून आपल्यापुरते घ्यावे. पण पळवलेला कुत्रा निदान मटकन खाली बसू शकतो, अडून राहू शकतो. गाडीतल्या कुत्र्याला संपसुद्धा करता येत नाही.

कुणी म्हणेल, माणसांची मुले उन्हात तडफडताहेत आणि तुम्ही कुत्र्यांचे काय घेऊन बसलात? त्याला माझे सांगणे असे की मुलांचीही हीच गोष्ट आहे. जून २०२३ मध्ये नागपुरात तीन लहान मुले एका उभ्या गाडीत मृत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला दोन भावंडे एका पडून राहिलेल्या गाडीत तशीच सापडली. ही मुले कोणी कोंडली नव्हती, ती खेळता खेळता आत शिरली होती. पण काच तीच, ऊन तेच, आणि आतून न उघडणारे दारही तेच. जो पहारेकरी गाडीतल्या कुत्र्यासाठी वाकून आत पाहील, तोच एखाद्या दिवशी मुलालाही पाहील. वाकून पाहण्याची ही सवय आपल्या गावात वाढवायची की मोडायची, एवढाच प्रश्न आहे.

आता मी माझ्या नेहमीच्या मुलुखात, म्हणजे कायद्यात येतो.

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका शिवणकारखान्याला आग लागली. ट्रँगल कारखाना म्हणून ती आग जगाच्या कामगार चळवळीत प्रसिद्ध आहे. १४६ कामगार मेले, त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. जिन्याचे एक दार कुलूपबंद होते आणि किल्ली आतल्या कोणाकडे नव्हती. अशा मरणांतून जगभरच्या कामगारांनी एक तत्त्व मिळवले, आणि ते आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातही लिहिले गेले. खोलीत माणूस आहे तोवर बाहेर पडायचे दार आतून सहज आणि ताबडतोब उघडता आले पाहिजे. एका वाक्याचे कलम. पण ते एक वाक्य मिळवायला किती चिता पेटल्या!

त्या तत्त्वाचा अर्थ मला असा कळला. ज्याच्या हाती किल्ली, त्याच्या माथी आतल्या जिवाची जबाबदारी. आतला माणूस शहाणा होता की वेडा, त्याने ओरडायला हवे होते की नको, हे प्रश्न नंतरचे. कामगाराने हे तत्त्व संघटनेच्या बळावर मिळवले. कुत्र्याला संघटना नाही. त्याला घोषणा देता येत नाही, निवेदन लिहिता येत नाही. तो काचेवर पंजा घासतो, भुंकतो, आणि काही वेळाने गप्प होतो.

प्राण्यांसाठी आपल्याकडे कायदा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खाजगी विधेयक आणून हा विषय उचलून धरला. पंडित नेहरूंच्या सरकारने त्याची दखल घेतली आणि १९६० साली प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच्या तिसऱ्या कलमाने सांगितले की ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्याने प्राण्याच्या हिताची आणि त्याला विनाकारण यातना होऊ नयेत याची वाजवी काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य आहे. पाहा, इथेही 'ताबा' हाच शब्द महत्त्वाचा आहे. तत्त्व उत्तम, पण शिक्षा काय ठेवली? पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ५० रुपये दंड. त्या काळी पन्नास रुपये ही मोठी रक्कम होती. पुढे रुपया कुठल्या कुठे गेला, आणि कायद्यातला आकडा वर्षानुवर्षे जागचा हलला नाही. गाडी चुकीच्या जागी लावली म्हणून जो भुर्दंड पडतो त्याच्या पासंगालाही तो पुरत नाही.

कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०१७ पासून एक वेगळी वाट धरली. गाडीत प्राणी मरणाच्या दारी दिसला, दार दुसऱ्या कोणत्या रीतीने उघडत नसले, आणि आधी पोलिसांना किंवा अशाच यंत्रणेला कळवले असले, तर कोणाही नागरिकाला काच फोडून प्राणी बाहेर काढता येतो आणि गाडीचे नुकसान त्याच्या माथी मारता येत नाही. प्राण्यापाशी मदत येईपर्यंत थांबायचे आणि जरुरीपेक्षा अधिक मोडतोड करायची नाही, या अटी. आपल्याकडे काच फोडणाऱ्यासाठी असे स्वतंत्र कलम पाहिजे, ही मागणी मी आज या सभेत करतो. तोवर भारतीय न्याय संहितेच्या १९ व्या कलमाचा आधार आहे. गुन्हेगारी हेतू न ठेवता, सद्‌बुद्धीने, मोठी हानी टाळण्यासाठी केलेली लहान हानी गुन्हा ठरत नाही, असा त्याचा आशय. कायद्यात हे असले तरी ठेकेदाराच्या हजेरीपुस्तकात ते नसते, आणि आमच्या माणसाला हजेरीपुस्तकाचीच भीती.

त्याचा एक दाखला देतो. आमचा एक सभासद एका व्यापारी संकुलाच्या मोकळ्या वाहनतळावर कामाला होता. मे महिना, दुपारचा दीड. एका गाडीत लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा त्याला दिसला. त्याने गाडीचा नंबर ध्वनिक्षेपकावरून दोनदा पुकारायला लावला. कोणी आले नाही. सुपरवायझरला विचारले. तो म्हणाला, "गाडीला हात लावू नको, काचेचे पैसे तुझ्या पगारातून जातील." तोवर काचेवर पंजे घासणारा कुत्रा गप्प होऊन बैठकीखाली घसरला होता. आमचा माणूस घाबरट नाही, पण घरी तीन पोरे आहेत. तो बाहेर जाऊन दोन रिक्षावाल्यांना आणि फाटकाशी हार विकणाऱ्या बाईंना बोलावून आला. बाई म्हणाल्या, "अरे, बघत काय बसलात?" एका रिक्षावाल्याने पान्हा काढला. काच फुटली. बाईंनी फुलांवर शिंपायच्या बादलीतले पाणी त्याच्यावर ओतले. अर्ध्या तासाने मालक आले ते काचेचे किती होतील हे विचारतच. कुत्रा जगला. आमच्या माणसाला ठेकेदाराने दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितले.

आम्ही भांडलो. भांडताना आमच्या हाती सर्वांत मोठे हत्यार कोणते आले असेल? त्या गाडीवाल्यांच्या घरच्या बाईंनी आपणहून लिहून दिलेला कागद. "या माणसाने आमच्या घरातला एक जीव वाचवला, त्याच्यावर कारवाई करू नये," असे चार ओळींचे पत्र. पाच आठवड्यांनी तो कामावर रुजू झाला. मधल्या पाच आठवड्यांचा पगार बुडाला तो बुडालाच. तो भरून काढायला आम्ही वर्गणी केली आणि त्या हारवाल्या बाईंनीही त्यात वीस रुपये घातले.

या हकिगतीवरून मला दोन गोष्टी दिसतात. काच फोडायला एक हात पुरतो, पण त्या हातामागे चार माणसे लागतात. आणि ज्याला सर्वांत आधी दिसते, त्याच्या हाती सर्वांत कमी सत्ता असते. महाराष्ट्रात १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा झाला तो याच माणसाला काही आधार मिळावा म्हणून. आपण त्याच्यावर बंगल्याची, दुकानाची, गाडीची राखण सोपवतो. गाडीतल्या जिवाची राखण करायची वेळ आली की मात्र 'हात लावू नको' म्हणतो.

असा प्रसंग तुमच्यापुढे आला तर काय करावे, ते क्रमाने सांगतो. प्रथम चारही दारे ओढून पाहा. पुष्कळदा एखादे उघडे असते. गाडीचा नंबर पुकारायला लावा. ११२ ला फोन करा. एकटे राहू नका, आजूबाजूच्या दोघांना बोलावा आणि कुत्र्याची अवस्था मोबाइलमध्ये टिपून ठेवा. कुत्रा जोरजोराने धापा टाकतो आहे, तोंडातून दाट लाळ गळते आहे, हिरड्या लालभडक झाल्या आहेत, तो झोकांड्या खातो आहे किंवा आडवा पडला आहे, तर थांबायला वेळ नाही. भुंकणे बंद झाले म्हणजे तो शांत झाला असे समजू नका. फोडायचीच वेळ आली तर पुढची मोठी काच फोडू नये. ती दोन थरांची असते, फुटून तशीच चिकटून राहते. कुत्र्यापासून लांबच्या बाजूची दाराची काच घ्यावी आणि घाव कोपऱ्यात घालावा. हाताला फडके गुंडाळावे.

बाहेर काढल्यावर आधी गार करा, मग दवाखान्याकडे पळा. पुष्कळ माणसे आधी पळतात आणि मोलाचा वेळ वाटेतच जातो. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, ओततच राहा आणि वारा घाला. फार गार पाणी घातक असते अशी एक समजूत आहे. जाणकारांचे आताचे सांगणे असे की कुत्र्याच्या अंगापेक्षा थंड असलेले जे पाणी हाताशी असेल ते वापरावे, वाट पाहू नये. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये. तो उष्णता आत कोंडतो. शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी पिऊ द्यावे, शुद्ध नसेल तर तोंडात ओतू नये. कुत्रा उठून शेपटी हलवू लागला तरी पशुवैद्याला दाखवावेच, कारण आतले नुकसान मागाहून कळते.

आपल्या परंपरेत या विषयावर पुष्कळ सांगितलेले आहे. धर्मराजापुढे इंद्राचा रथ उभा राहिला, तेव्हा बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून मी रथात बसणार नाही, असे तो म्हणाला. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. या गोष्टी आपण हरिदासांच्या तोंडून ऐकतो आणि माना डोलावतो. धर्मराजाची कसोटी कुत्र्याला रथात घेण्याची होती. आपल्या रथात तो आधीच बसलेला असतो. तेव्हा आपली कसोटी एवढीच, की आपण उतरलो तर त्यालाही उतरवायचे, आणि जिथे त्याला नेता येणार नाही तिथे जाताना त्याला घरी गार फरशीवर, पाण्याच्या भांड्याजवळ ठेवून जायचे. इतकी सोपी कसोटी देवांनी धर्मराजालासुद्धा घातली नव्हती.

संघटनेचा माणूस भाषण करून थांबत नाही, तो काही मागतो. माझ्या दोन मागण्या आहेत. या सभेत दुकानदार आहेत, मंगल कार्यालयांचे चालक आहेत, देवस्थानांचे विश्वस्त आहेत. आपल्या फाटकावरच्या माणसाला एक लेखी कागद द्या. गाडीत जीव अडकलेला दिसला तर नंबर पुकारावा, ११२ ला कळवावे, आणि वेळ आलीच तर काच फोडावी, त्याबद्दल त्याची नोकरी जाणार नाही आणि काचेचे पैसे त्याच्याकडून घेतले जाणार नाहीत. खाली तुमची सही. हा कागद त्याच्या खिशात असला की त्याचा हात थरथरणार नाही. दुसरी मागणी गाडी बाळगणाऱ्यांकडे. उतरताना मागे वळून पाहा, आणि गाडी रिकामी असली तरी कुलूप लावा, म्हणजे कुणाचे पोर खेळता खेळता आत जाणार नाही.

आमच्या संघटनेने त्या कागदाचा मसुदा करून आणला आहे. तो बाहेर चपला ठेवतात तिथल्या टेबलावर आहे, शंभर प्रती आहेत. तिथे जो माणूस उभा आहे तो आमचाच सभासद आहे, आणि उद्या सकाळी सहाला त्याची पाळी आहे. त्याला फार वेळ उभा करू नका. प्रत घ्या, वाचा, आणि पटले तर सही करून आपल्या फाटकावरच्या माणसाच्या हाती द्या.